ऊर्जेचा प्रवास आणि समतेचा विचार

(विहाराच्या वर्धापन दिनी, पालम येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

 

वर्धापन दिनाला विहारात धम्मावर बोलतात, चळवळीवर बोलतात. आम्ही आज सजीवांमधून ऊर्जा कशी वाहते यावर बोलणार आहोत. काहींना वाटेल, हा शाळेतला विषय विहारात कशाला? त्याला कारण आहे. नववीच्या लेकरांना विज्ञानात हा भाग शिकवतात. त्यात एक चित्र असतं. खाली रुंद आणि वर निमुळता होत जाणारा मनोरा. तळाला गवत, त्यावर गवत खाणारे, त्यावर त्यांना खाणारे आणि शेंड्याला एखादा वाघ नाहीतर गरुड. हे चित्र पाहून काही शहाणी माणसं म्हणतात, "बघा, निसर्गातच वर-खाली आहे. मग माणसात असलं तर काय बिघडलं?" हा प्रश्न आपल्या लेकरांच्या कानावर पडतो. त्याला उत्तर देता आलं पाहिजे, आणि उत्तर द्यायचं तर आधी ते चित्र नीट समजून घेतलं पाहिजे. न समजता नाकारणं ही बुद्धाची रीत नव्हे आणि बाबासाहेबांचीही नव्हे.

ऊन आणि पान

सुरुवात सूर्यापासून करू. सूर्यावरून निघालेला उजेड साधारण आठ मिनिटं वीस सेकंदांत आपल्या पालमच्या रानावर येऊन पडतो. माणूस ऊन खाऊन जगत नाही, बैल जगत नाही, वाघही जगत नाही. ऊन खाता येतं ते हिरव्या पानाला. पानात हरितद्रव्य असतं. मुळांनी ओढलेलं पाणी, हवेतला कार्बन डायऑक्साईड आणि ऊन या तिन्हींतून पान साखर तयार करतं. त्या साखरेत उन्हाची ऊर्जा बांधली जाते. नदीच्या पाण्यावरचं शेवाळही हेच काम करतं. आपल्या चुलीवरची भाकर म्हणजे ज्वारीच्या पानानं मागच्या हिवाळ्यात पकडून ठेवलेलं ऊन आहे.

पण पान सगळं ऊन पकडत नाही. शेतावर शंभर भाग ऊन पडलं तर पिकाच्या हाती मोघम एक भाग लागतो, कधी त्याहूनही कमी. राहिलेलं काही परत उडतं, काही माती तापवतं, काही पाण्याची वाफ करतं. आणि त्या एका भागातलंही जवळपास निम्मं झाड स्वतःच्या जगण्यावर खर्च करतं. झाडालाही श्वास असतो, मुळं वाढवायची असतात, फुलोरा धरायचा असतो. उरलेल्यावर बाकी सगळी जीवसृष्टी जगते. तुम्ही, आम्ही, ढोरं, पाखरं, किडा-मुंगी, सगळे.

१९७२ चा दुष्काळ इथल्या वडीलधाऱ्यांनी पाहिला आहे. आमच्या आईबापांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली. त्या वर्षी ऊन कमी पडलं नव्हतं. ऊन तर रखरखत होतं. पाणी नव्हतं म्हणून पान नव्हतं, आणि पान नव्हतं म्हणून ते ऊन पकडायला कुणी नव्हतं. सगळी ऊर्जा मातीवर पडून तापून गेली. माणसाची भूक आणि जनावराची भूक त्या एका जागेपाशी अडली होती. म्हणून आम्ही म्हणतो, साखळीतली सगळ्यात मोलाची कडी वाघ नव्हे, पान आहे.

एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर

आता पुढं चला. ज्वारीचं कणीस उंदीर खातो. उंदराला धामण गिळते. धामणीवर मोराची, मुंगसाची, मोठ्या शिकारी पाखराची नजर असते. कपाशीत बघितलं तर पानावर मावा, माव्यावर ढालकिडा. बोंडातल्या अळीवर कोतवाल पाखरू. गोदावरीत बघितलं तर शेवाळावर बारीक जीव, त्यांच्यावर लहान मासे, लहान माशांवर मरळ, आणि काठावर टपलेले बगळा अन् खंड्या. याला अन्नसाखळी म्हणतात. अशा अनेक साखळ्या एकमेकींत गुंतल्या की त्याचं जाळं होतं.

प्रत्येक पायरीवर काय होतं? उंदरानं जे खाल्लं त्यातलं थोडंच त्याच्या अंगी लागतं. बाकीचं पळण्यात, बीळ उकरण्यात, अंग गरम ठेवण्यात जातं. काही लेंडीवाटे बाहेर पडतं. काही उंदीर सापाच्या तावडीत न सापडता आपल्या मरणानं मरतात. सापाला मिळते ती उरलेली ऊर्जा. शास्त्रज्ञांचा ठोकताळा असा, की एका पायरीवरून दुसरीवर सरासरी दहावा हिस्सा पोचतो. कुठं त्याहून कमी, कुठं थोडा जास्त. पिकात दहा हजार भाग असले तर उंदरांत एक हजार, सापांत शंभर आणि सापखाऊ पाखरांत दहा. यामुळंच रानात गवताच्या काड्या मोजता येत नाहीत आणि गरुड मात्र एखादाच दिसतो. यामुळंच साखळी चार-पाच पायऱ्यांच्या पुढं जात नाही. पुढच्या पायरीला पुरेल इतकं उरतच नाही.

आम्ही जिनिंगमध्ये उमर घालवली. तिथलं उदाहरण सांगतो, म्हणजे गिरणीत काम केलेल्यांना लगेच पटेल. एक क्विंटल कापूस रोलरवर घातला तर त्यातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकीची सरकी आणि थोडी घाण. रुई, सरकी, घाण आणि उडालेली धूळ सगळी तोलली तर वजनाचा हिशोब जुळतो. वस्तू कुठं जात नाही, नुसती वेगळी होते. आता विजेचा हिशोब बघा. वीज मोटारीत आली, मोटारीनं शाफ्ट फिरवला, शाफ्टनं पट्टा ओढला, पट्ट्यानं रोलर फिरवला. प्रत्येक ठिकाणी काही गळालं. बेअरिंगला हात लावला की चटका बसतो. पट्टा तापतो, कानठळ्या बसवणारा आवाज होतो. ती सगळी गळालेली ऊर्जा आहे. ती नष्ट झाली नाही, हवेत उष्णता होऊन गेली. पण ती उष्णता पोत्यात भरून परत मोटारीला देता येत नाही. मोटारीला रोज नवी वीज लागते.

जीवसृष्टीचंही तसंच आहे. वस्तू फिरत राहते. पानातला कार्बन, मातीतला नत्र, पाणी, हे पानातून जनावरात, जनावरातून मातीत आणि मातीतून परत पानात येतात. ऊर्जा मात्र एकाच दिशेनं जाते. सूर्याकडून पानाकडं, पानाकडून पुढं, आणि पायरीपायरीला उष्णता होऊन बाहेर. म्हणून सूर्य रोज उगवावा लागतो आणि पान रोज कामावर यावं लागतं. ही दोन वाक्यं लेकरांनी ध्यानात ठेवावीत: वस्तूचं चक्र असतं, ऊर्जेचा प्रवाह असतो.

घरच्या धान्याचा हिशोब करून बघू. एक क्विंटल ज्वारीत मोघम सव्वातीन ते साडेतीन लाख कॅलरी असतात. मोठ्या माणसाला दिवसाला २२०० च्या आसपास लागतात असं धरलं तर नुसत्या भाकरीवर ती ज्वारी एका माणसाला पाच महिने जगवते. तीच ज्वारी जनावराला चारून नुसतं त्याचं मांस खायचं ठरवलं, तर दहाव्या हिश्शाच्या हिशोबानं पंधरा दिवस. याचा अर्थ कुणी मटण खाऊ नये असा आम्ही काढत नाही. शेळी बाभळीच्या शेंगा खाते, बांधावरचं गवत खाते, काटेरी पाला ओरबाडते. ते माणसाच्या पोटाला पचत नाही. माणसाला न मिळणारी ऊर्जा शेळी गरिबाच्या दारात आणून देते. म्हणून तिला गरिबाची गाय म्हणतात. हिशोब एवढाच सांगतो, की जितकं वर बसून खाल तितकं जास्त रान तुमच्या एका घासाखाली लागतं.

हे कुणी शोधलं

हे ज्ञान ऋषींच्या ध्यानातून आलेलं नाही. माणसांनी चिखलात उभं राहून, मोजून मापून मिळवलं. १९२७ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स एल्टन या तरुण शास्त्रज्ञाचं प्राण्यांच्या परिसराविषयीचं पुस्तक निघालं. अन्नसाखळी आणि संख्येचा मनोरा या कल्पना त्यानं नीट मांडल्या. १९३५ मध्ये आर्थर टान्सली यांनी सजीव आणि त्यांच्या भोवतालची माती, पाणी, हवा हे सगळं मिळून एक घडण मानली. तिलाच आपण मराठीत परिसंस्था म्हणतो.

पुढं अमेरिकेत रेमंड लिंडमन नावाचा पोरगा एका लहानशा दलदलीच्या तळ्यावर काही वर्षं काम करत राहिला. शेवाळ किती, बारीक जीव किती, मासे किती, तळाच्या गाळात काय, हे त्यानं मोजलं. मग सगळ्यांचा हिशोब एकाच नाण्यात केला. ते नाणं म्हणजे ऊर्जा. त्याचा लेख आधी परीक्षकांनी नाकारला होता. शेवटी १९४२ मध्ये तो छापून आला, पण त्याच्या काही महिने आधीच लिंडमन आजारपणात वारला. वय अवघं २६. जगभरातली लेकरं आज जे शिकतात त्याचा पाया या पोरानं घातला. आमच्या तरुणांनी हे नाव लक्षात ठेवावं. मोठं काम करायला मोठं वय आणि मोठं घराणं लागत नाही.

मेलेल्याचं काय होतं

आता त्या चित्रात जे बहुतेक वेळा दाखवत नाहीत, किंवा कोपऱ्यात लहान करून दाखवतात, त्याकडं येऊ. सगळं गवत काही ढोरं खात नाहीत. सगळी पानं अळ्या खात नाहीत. रानात जे उगवतं त्याचा फार मोठा वाटा कुणी जिवंतपणी खाल्ल्याविना वाळतो, गळतो आणि मातीवर पडतो. शिवाय शेण, लेंड्या, मेलेली जनावरं. हे सगळं कोण खातं? गांडूळ, वाळवी, शेणकिडा, बुरशी आणि डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. एका चिमटीभर चांगल्या मातीत ते कोट्यवधी असतात. ते त्या मेलेल्यातली उरलीसुरली ऊर्जा खातात आणि नत्र, स्फुरद, पालाश मोकळं करून मुळांच्या हवाली करतात. यांना विघटक म्हणतात. हे एक वर्ष संपावर गेले तर रान पाचोळ्यानं, शेणानं आणि मढ्यांनी भरून जाईल आणि नवं पान फुटायला मातीत काही उरणार नाही.

बंधू-भगिनींनो, गावगाड्यात हे काम कुणाकडं होतं ते तुम्हाला सांगायला नको. मेलेलं ढोर ओढायचं ते आमच्या वाडवडिलांनी. गाव साफ राहायचं, रोगराई टळायची, आणि मोबदल्यात काय? विटाळ. जे काम केल्याविना गाव एक पावसाळा काढू शकला नसता, त्याच कामावरून माणूस नीच ठरवला. भुकेपोटी त्याच ढोराचं मांस खावं लागलं आणि मग त्या मांसावरून पुन्हा नीच ठरवला. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं आणि २० मार्चला चवदार तळ्याचं पाणी हाती घेतलं. एल्टनचं पुस्तकही त्याच १९२७ चं. तिकडं एक माणूस निसर्गातल्या पायऱ्या मोजत होता, इकडं एक माणूस माणसांनी रचलेल्या पायऱ्या उखडत होता.

माणसानं ते काम सोडल्यावर रानात ते करायला गिधाडं होती. आमच्या लहानपणी मेलेल्या बैलावर गिधाडांचा थवा उतरायचा आणि बघता बघता नुसता सांगाडा राहायचा. आजच्या लेकरांनी गिधाड चित्रातच पाहिलं आहे. १९९० नंतरच्या वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्याण्णवहून जास्त संपली. कारण होतं डायक्लोफेनॅक, ढोरांना अंगदुखीवर देण्यात येणारं औषध. औषध दिलेलं ढोर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी व्हायचे. २००६ मध्ये ढोरांसाठी हे औषध वापरायला सरकारनं बंदी केली, पण तोवर थवे गेले होते. गिधाडं गेल्यावर मढी सडत पडू लागली, मोकाट कुत्री वाढली आणि कुत्रं चावून पिसाळीचा धोका वाढला. ज्याला लोक घाण पाखरू म्हणत होते तो आपला राखणदार होता, हे तो गेल्यावर कळलं.

याच ठिकाणी विषाविषयी एक गोष्ट सांगतो. ऊर्जा वर जाताना घटते. पण डीडीटीसारखं जे विष शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, चरबीत साठून राहतं, ते वर जाताना दाट होत जातं. शेवाळात थोडं, माशात जास्त, मासेखाऊ पाखरात त्याहून जास्त. आणि फवारणाऱ्यावर तर ते थेटच येतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पाठीवर पंप बांधणारे हात कुणाचे असतात, हे आपल्या वस्तीत वेगळं सांगायची गरज नाही.

मनोरा आणि जातीची उतरंड

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. निसर्गातच वर-खाली आहे का? चित्रात वर-खाली आहे, हे खरं. पण ते कशाचं आहे? ऊर्जेच्या हिशोबाचं. मानाचं नव्हे. आम्ही चार गोष्टी सांगतो. पोरांनी त्या पाठ कराव्यात.

पहिली गोष्ट. निसर्गातली पायरी जन्मानं मिळत नाही, घासानं ठरते. कावळा सकाळी शेतातले दाणे टिपतो तेव्हा तो दुसऱ्या पायरीवर. दुपारी दाणे खाणारा उंदीर पकडतो तेव्हा तिसऱ्यावर. संध्याकाळी मेलेलं कुत्रं टोचतो तेव्हा विघटकांच्या पंगतीला. आपण भाकरी खातो तेव्हा शेळीच्या पायरीवर बसतो आणि मरळ मासा खातो तेव्हा बगळ्याच्या. जातीच्या उतरंडीत असं चालतं का? तिथं काही खा, काही शिका, पायरी तीच.

दुसरी गोष्ट. मनोऱ्याचा तळ काढला तर शेंडा एक दिवस टिकत नाही. शेंडा काढला तर रानाची घडी बिघडते, उंदीर माजतात, हे खरं, पण गवत उगवायचं थांबत नाही. म्हणजे वरचा खालच्याचा देणेकरी आहे. वर असणं म्हणजे मोठं असणं नव्हे. वर असणं म्हणजे जास्त जणांच्या कष्टावर उभं असणं.

तिसरी गोष्ट. निसर्गात वरचा शेवटी खाली येतो. गरुड मेला की त्याला किडे, मुंग्या आणि बुरशी खातात. त्याचा नत्र, त्याचा स्फुरद गवताच्या मुळाला मिळतो. गवत त्याला बाटलं असं म्हणत नाही. कुणी कुणाला विटाळ मानत नाही.

चौथी गोष्ट, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. साप उंदराला खातो तो भुकेपोटी. उंदरानं आपल्याला नीच समजावं असा ग्रंथ साप लिहीत नाही. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, तिच्यात वर जाताना मान वाढतो आणि खाली जाताना तिरस्कार वाढतो, आणि ती टिकवायला धर्माचा आधार घेतला जातो. निसर्गात मान नाही अन् तिरस्कारही नाही. ही उतरंड माणसानं केली. माणसानं केलेली गोष्ट माणसाला मोडता येते. शिवाय माणूस काही साप-उंदीर नव्हे. निसर्गात जे आहे ते सगळं माणसानं तसंच करावं असंही नाही. करुणा आणि प्रज्ञा ही माणसाची कमाई आहे.

इथं जमिनीची गोष्ट निघतेच. सूर्य कुणाच्या सातबाऱ्यावर नाही. तो सगळ्यांच्या डोक्यावर सारखा तळपतो. पण ज्या रानावर ऊन पडून दाणा होतो, त्या रानाला सातबारा आहे. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याच्या हाती ऊर्जेची पहिली पायरीच नाही. त्याला दुसऱ्याच्या रानात घाम गाळून आपली भाकर विकत घ्यावी लागते. म्हणून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. म्हणून मराठवाड्यातले आपले लोक गायरानासाठी लढले आणि १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीनांची गायरानावरची वहिवाट नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ ला निघाला. अजून किती घरांच्या हाती त्याचा कागद आला नाही हे तुम्ही जाणता. विज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर ती लढाई उन्हातला आपला वाटा मागण्याची होती.

धम्म काय सांगतो

खुद्दकपाठात लहान श्रामणेरांसाठी दहा प्रश्न आहेत. पहिला प्रश्न असा, की एक म्हणजे काय? त्याचं उत्तर असं, की सगळे प्राणी आहारावर टिकून आहेत. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेत पोराला धडा द्यायचा तर पहिला धडा देवाचा दिला नाही, आत्म्याचा दिला नाही, आहाराचा दिला. प्रतीत्यसमुत्पाद सांगतो की प्रत्येक गोष्ट कारणानं उपजते, कशावर तरी अवलंबून उपजते. पान उन्हावर, अळी पानावर, पाखरू अळीवर, माती या सगळ्यांच्या मरणावर. स्वयंभू कुणीच नाही.

वर्षावास कसा सुरू झाला हेही ध्यानात घ्या. पावसाळ्यात भिक्खू हिंडत राहिले की कोवळं हिरवं गवत तुडवलं जातं, बारीक जीव चिरडले जातात, अशी लोकांनी तक्रार केली. तथागतांनी ती ऐकली आणि तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम घातला. पावसाळा म्हणजे पान फुटण्याचा, वर्षाची ऊर्जा पकडण्याचा काळ. त्या काळात पानाला पाय लागू नये म्हणून संघ थांबला.

बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुनर्जन्माचा प्रश्न त्यांनी विज्ञानाच्या कसोटीवर घासला आहे. आत्मा परत येतो हे त्यांनी मान्य केलं नाही. देह ज्या तत्त्वांचा बनला ती तत्त्वं मरणानंतर आपापल्या साठ्यात मिसळतात, आणि ऊर्जा नाहीशी होत नाही हे विज्ञान सांगतं, अशी ती मांडणी आहे. ज्याला आज आपण गांडूळ, बुरशी आणि जिवाणूंचं काम म्हणून ओळखतो, ते हेच मिसळणं. घरातलं माणूस गेलं की कर्मकांडाच्या नावाखाली कर्ज काढणाऱ्यांनी हा भाग एकदा वाचावा.

आपण काय करायचं

नुसतं ऐकून घरी जायचं नाही. सम्राट अशोकानं राज्याभिषेकाला सव्वीस वर्षं झाल्यावर स्तंभावर लेख कोरला. त्यात कोणते प्राणी मारू नयेत याची यादी आहे, आणि पुढं असंही आहे की ज्या भुशात जीव आहेत तो जाळू नये, विनाकारण रान पेटवू नये. आज गोदाकाठच्या पट्ट्यात उसाचं पाचट पेटवतात, बांधावर तुराट्या-पऱ्हाट्यांचे ढीग पेटवतात. चुलीला लागतं ते वेगळं, गरिबाला सरपण लागतं. पण नुसतं रान मोकळं करायला जाळलं तर गांडुळाच्या तोंडचा घास धूर होऊन जातो. मातीतले कामगार उपाशी मरतात आणि पुढच्या वर्षी खताचं पोतं जास्त लागतं. ज्यांच्याकडं थोडंही रान आहे त्यांनी पाचट कुजवावं.

फवारणी करणाऱ्यांनी तोंडाला फडकं, हातमोजे आणि वाऱ्याची दिशा याबाबत हयगय करू नये. मालकाकडं संरक्षक साहित्य मागावं. तो उपकार नव्हे, हक्क आहे. कपाशीत पाखरांना बसायला पक्षीथांबे लावावेत. कोतवाल मजुरी मागत नाही.

विहारासाठी एक सूचना. रोजच्या वंदनेची फुलं, कार्यक्रमातलं उरलेलं अन्न आणि आवारातला पाचोळा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नाल्यात जातो. आवाराच्या कोपऱ्यात दोन खड्डे करावेत. एक भरेपर्यंत दुसऱ्यातलं खत तयार होईल. ते बोधिवृक्षाच्या बुडाला घालावं. मुलांनी दर रविवारी एक मूठ माती उकरून त्यातले जीव मोजावेत आणि वहीत लिहावेत. लिंडमननं तेच केलं होतं. पुढच्या वर्धापन दिनाला या वह्या विहारात मांडता येतील.

आणि शेवटी मुलांना एवढंच सांगतो. शाळेत मास्तरांनी तो मनोरा फळ्यावर काढला तर मान खाली घालू नका. हात वर करा आणि विचारा, "गुरुजी, यात विघटक कुठं दाखवले?" नसतील दाखवले तर उठून खडू घ्या आणि तळाला त्यांची रेघ ओढा.



जय भीम! नमो बुद्धाय!